पुडीवरची पेन्सिल

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की शेजारणीला दोडक्याचं बी द्यायला कागद लागत नाही, पण देशाबाहेर जाणाऱ्या बियाला लागतो. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. आंब्याच्या कलमांचे प्रश्न त्यामुळे पुढच्या खेपेला ढकलते.

बाई, आमचं खाजन (खाडीकाठचं, खाऱ्या जमिनीचं) शेत आहे. आजोबांपासून आम्ही कोरगुट भात लावतो. दोन वर्षांमागे कापणीच्या वेळी दोघे संशोधक आले, एक आपल्याकडचा, दुसरा परदेशी विद्यापीठाचा. त्यांनी दोन किलो बी घेतलं, मानशीचे (बांधातल्या पाण्याच्या दाराचे) फोटो काढले, पाचशे रुपये हातावर ठेवले आणि गेले. आता मुलगा म्हणतो, खारट पाण्यात तगणारं भात म्हणजे सोनं आहे, उद्या पेटंट घेतील. तसं झालंच तर ते बी आमचं होतं हे कुणाला कसं कळणार? आणि आम्हांला काही मिळेल का?
*— एक शेतकरी, पेडणे*

त्यांनी पुडीवर काय लिहिलं ते तुम्ही पाहिलंत का?

एकतीस वर्षं मी बियांच्या पुड्या बांधल्या, म्हणून पहिला हाच प्रश्न सुचतो. गोळा करणाऱ्याचा क्रमांक, तारीख, गाव, वाडा, बी देणाऱ्याचं नाव, जातीला गावात काय म्हणतात, शेत कुठल्या प्रकारचं, खाजन की खेर की मोरड. आमच्या कामात याला पासपोर्ट माहिती म्हणतात. उद्या त्या बियातून काहीही निघालं, तरी मागे तुमच्या बांधापर्यंत यायची वाट या चार ओळींतूनच जाते.

माझी एक फजिती सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत परतीच्या पावसात आम्ही पेडणे आणि तिसवाडीतली खाजनं फिरलो. तेवीस पुड्या झाल्या. मी मोठ्या ऐटीत शाईच्या पेनाने नावं घातली होती. चोडणच्या फेरीबोटीत पिशवी भिजली आणि सहा पुड्यांवर नुसते निळे डाग उरले. तेव्हापासून पेन्सिल. पेन्सिल पाण्याने फुटत नाही, हे मला वरिष्ठांनी नाही, फेरीवरच्या एका मासे विकणाऱ्या बाईने सांगितलं. ती हिशेब पेन्सिलीनेच ठेवायची.

त्या सहा पुड्या वहीवरून जुळवल्या आणि सगळ्या तेवीस पणजीहून पोस्टाने गोव्याबाहेरच्या एका मोठ्या संस्थेला पाठवल्या. काही महिन्यांनी छापील यादी आली. संकलनस्थळ : पणजी. तेविसाच्या तेवीस! कुणीतरी पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघून रकाना भरला होता. मी दोन पत्रं लिहिली. दुसऱ्याला उत्तर आलं की नोंद बदलण्याची तरतूद नाही. म्हणजे कागदोपत्री ते भात पणजीच्या पोस्ट ऑफिसात पिकलं.

आता कायद्याकडे येऊ. पूर्वी बी म्हणजे साऱ्या मानवजातीचा ठेवा, कुणीही न्यावं, असंच चाले. १९९२ साली रिओमध्ये जैवविविधता करार झाला आणि त्याने सांगितलं की ज्या देशातलं बी, त्या देशाचा त्यावर हक्क. त्यावरून आपला जैवविविधता कायदा २००२ साली आला. पुढे २०१० साली जपानात नागोया करार ठरला आणि २०१४ मध्ये तो लागू झाला. त्याने दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या : परवानगी घेऊन न्या, आणि फायदा झाला तर वाटून घ्या.

वाटणीसाठी आधी माग लागायला हवा. तो असा लावतात. परदेशी माणसाला संशोधनासाठी आपलं बी हवं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. निर्णय घेताना प्राधिकरणाने त्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचं मत घ्यायचं असतं. मग करार होतो, परवाना निघतो आणि त्याची नोंद नागोया कराराच्या जागतिक नोंदणीवर चढते. तिथे त्याला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकात आपल्या देशाची अक्षरं असतात आणि तोच त्या बियाचा जगभर चालणारा दाखला. आपल्याकडचा असा पहिला दाखला ऑक्टोबर २०१५ मधला. गुजरातच्या सिद्दी समाजाच्या औषधी ज्ञानाचा अभ्यास करायला इंग्लंडच्या केंट विद्यापीठाशी संबंधित संशोधकाला परवाना दिला होता, त्याचा.

पलीकडच्या टोकालाही नाके आहेत. युरोपीय संघाचा २०१४ चा नियम असा, की बी वापरणाऱ्याने हा दाखला जवळ ठेवायचा, पुढच्याला बी दिलं तर दाखलाही द्यायचा आणि काम संपल्यावर वीस वर्षं कागद जपायचे. आपल्याकडे पेटंटच्या अर्जात जैविक साहित्य कुठून आणलं ते सांगावं लागतं. लपवलं तर त्या कारणावरून पेटंटला हरकत घेता येते. मे २०२४ मध्ये जिनिव्हात याच धर्तीचा आंतरराष्ट्रीय करारही मंजूर झाला. पंधरा देशांनी मान्यता दिली की तो लागू होणार.

तुमच्या पाहुण्यांकडे असा परवाना असेल. किंवा केंद्र सरकारने मंजूर केलेल्या दोन संस्थांच्या सहकार्य प्रकल्पातून ते आले असतील. अशा प्रकल्पांना वेगळ्या परवानगीतून सूट आहे. म्हणून चोर म्हणून बोट दाखवण्याआधी विचारा. आजच बसून एक कागद लिहा : कधी आले, कोण होते, किती बी नेलं, कुठल्या शेतातलं. व्हिजिटिंग कार्ड ठेवलं असेल तर टाचणीने त्यालाच लावा. एक प्रत पंचायतीच्या सचिवाकडे द्या आणि पोच घ्या. पोचेशिवाय परतू नका. मग समितीतर्फे राज्य जैवविविधता मंडळाला आणि चेन्नईला विचारणा करा, की या बियासाठी परवाना दिला होता का.

तुमच्या पंचायतीची लोकजैवविविधता नोंदवहीही एकदा उघडून घ्या. माधव गाडगीळांनी मांडलेली ही कल्पना फार साधी होती : गावाला काय ठाऊक आहे ते गावानेच लिहून ठेवायचं. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या काही वह्या कंत्राट देऊन भरून घेतलेल्या होत्या. एका किनारी गावच्या वहीत भाताखाली फक्त ‘जया’ आणि ‘ज्योती’ ही सुधारित वाणं लिहिली होती, खाजनाचा उल्लेखच नाही. तुमच्या वहीत कोरगुट नसेल तर पुढच्या ग्रामसभेत उभे राहा.

दुसरा कागद दिल्लीचा. पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा. त्याखाली शेतकऱ्यांच्या पारंपरिक वाणाची नोंद करता येते, नोंदणीचं शुल्क लागत नाही. उद्या कुणी तुमच्या वाणातून नवं वाण काढून नोंदवलं, तर वाटा मागायची सोय त्या कायद्यात आहे. एकट्याने जाण्यापेक्षा गावाने मिळून जा. कोरगुट काही एका घरचं नाही. जुन्या गोवा इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारा. खाऱ्या शेतांसाठी ‘गोवा धान’ मालिकेतली वाणं त्यांनीच काढली आहेत. तिथल्या लोकांना कोरगुट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

आता पैशाचं. इथे मी तुम्हांला गोड बोलणार नाही.

केरळच्या खाजनासारख्या जमिनीतलं पोक्कळी भात घ्या. खारं पाणी सोसणारा ‘सॉल्टॉल’ नावाचा जनुकीय भाग त्यातूनच शोधला गेला आणि तो आज देशोदेशीच्या वाणांत घालतात. पण जनुक पेढ्यांत, म्हणजे बी जपून ठेवणाऱ्या संस्थांत, पोक्कळी नावाच्या एकाहून अधिक नोंदी आहेत, आणि त्या सगळ्या सारख्या नाहीत. कुठल्या शेतकऱ्याच्या बांधावरची पोक्कळी, ते आता कोण सांगणार? त्याउलट उत्तर प्रदेशातून गोळा केलेलं एक रानटी भात. सत्तरच्या दशकात भाताला खुरटा करणारा एक विषाणू आशियाभर पसरला होता. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले, तेव्हा या एका नमुन्यात प्रतिकारशक्ती सापडली. त्याला क्रमांक होता म्हणून तो कुठला ते आजही माहीत आहे. पण तेव्हा वाटणीचा कायदा नव्हता, त्यामुळे कुणाला दमडी मिळाली नाही.

भाताचं आणखी एक त्रांगडं आहे. अन्न पिकांसाठी २००१ चा वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भात त्याच्या यादीत बसतं. सरकारी पेढीत गेलेलं बी त्या कराराखाली ठरीव करारपत्रावर बाहेर जाऊ शकतं. त्यातून वाण निघालं आणि ते पुढच्यांना वापरायला बंद केलं, तर विक्रीच्या ०.७७ टक्के रक्कम भरावी लागते. पण ती रोमच्या सामायिक निधीत जाते, तुमच्या दारात येत नाही. तुमच्या शेतात उभं असलेलं भात मात्र त्या पेढीतलं नाही, त्याला आपला देशी कायदा लागतो. म्हणून ‘कुठून उचललं’ या रकान्याला एवढं महत्त्व.

थेट लोकांपर्यंत पैसा पोचल्याचं उदाहरण म्हणून सगळे केरळच्या काणी आदिवासींचं नाव घेतात, मीही घेते. १९८७ मध्ये डोंगर चढताना काणी वाटाड्यांनी थकलेल्या शास्त्रज्ञांना ‘आरोग्यपच्चा’ची फळं खायला दिली. त्यातून ‘जीवनी’ नावाचं औषध झालं. १९९५ मध्ये त्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने ते दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के या बोलीने एका औषध कंपनीला दिलं आणि मिळकतीतला अर्धा वाटा काणींना ठरला. हे नागोयाच्या पंधरा वर्षं आधी. तिथे माग लावायची गरजच पडली नाही, कारण शास्त्रज्ञाला फळ देणारा हात आठवत होता.

तुम्हांला पैसे मिळतील की नाही, यावर मी पैज लावणार नाही. पण दोन किलो बी गेलं आणि गावात त्याची ओळसुद्धा नाही, ही स्थिती मात्र या आठवड्यात बदलता येईल.

आमचा नऊ बायकांचा गट आहे. आम्ही भिरंडाची (कोकमाची) सोलं आणि आगळ विकतो. पंचायतीत एकजण म्हणाला, आता जैवविविधतेचा वाटा भरावा लागेल, नाहीतर दंड. आम्ही घाबरलोय.
*— स्वयंसहाय्य गटातली एक सदस्य, सत्तरी*

घाबरू नका, आणि त्या एकजणाला कायदा वाचायला सांगा. स्थानिक लोक, पिकवणारे आणि वैद्य यांना राज्य मंडळाला कळवायच्या अटीतून कायद्यानेच सूट आहे. शिवाय २०२५ च्या नियमावलीप्रमाणे वर्षाची उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर वाटा शून्य. त्याच्यावर ०.२ टक्क्यापासून चढत ०.६ टक्क्यापर्यंत. तुमची आगळ पाच कोटींवर गेली तर मला आधी कळवा, मी नोकरी मागायला येते.

वाटा द्यायचा तो बाहेरून ट्रक घेऊन येऊन रानातली सोलं नेणाऱ्या आणि त्यातून अर्क काढून गोळ्या विकणाऱ्यांनी. आम्ही भारतीय कंपनी, आम्हांला हे लागूच नाही, असं म्हणत हरिद्वारची दिव्य फार्मसी उत्तराखंडच्या उच्च न्यायालयात गेली होती. २१ डिसेंबर २०१८ ला निकाल लागला : भारतीय असलात तरी वाटा द्यावा लागेल. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने बरंच सैल केलं. लागवडीच्या औषधी वनस्पतींना सूट मिळाली आणि तुरुंगाची शिक्षा जाऊन दंड आला. मला यातली लागवडीची सूट खुपते. रानातलं पोतं आणि बागेतलं पोतं वजनकाट्यावर सारखंच दिसतं. फरक सांगणारा उगमाचा दाखला गावच्या समितीने द्यायचा आहे, म्हणजे फिरून पुडीवरची पेन्सिल तुमच्याच हातात. समितीत तुमच्या गटातली एखादी बाई आहे का? नसेल तर घाला.

आम्ही माशेलचे. आमच्या गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी हळदीचं पेटंट अमेरिकेकडून परत आणलं, तेव्हा भारताला किती पैसे मिळाले?
*— एक निवृत्त शिक्षक*

शून्य. आणि ‘परत आणलं’ हेही बरोबर नाही. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं होतं. माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. म्हणजे हळद कुणाचीच राहिली नाही, किंवा सगळ्यांची राहिली. यात वाटणीचा प्रश्न येतच नाही, नवेपणाचा येतो. तुमची आजी जखमेवर हळद दाबायची ही गोष्ट तिथल्या कायद्याला पुरेशी नव्हती, त्याला छापील पुरावा हवा होता. शिक्षक आहात, तेव्हा ‘छापील’ या शब्दाखाली रेघ ओढाल अशी आशा आहे.

मी एमएस्सीला आहे. आम्ही कुळागरातल्या (सुपारी-मसाल्याच्या बागेतल्या) मातीतल्या जिवाणूंचे जनुकीय क्रम काढून आंतरराष्ट्रीय माहितीसाठ्यात टाकतो. सर म्हणतात, देशाबाहेर काही वस्तू जात नाही, तेव्हा काहीच लागू नाही. हे खरं का?
*— एक विद्यार्थिनी, म्हापसा*

तुमच्या सरांचं म्हणणं काही वर्षांपूर्वी खपून गेलं असतं. आज त्यावरच तर सगळी भांडणं चालली आहेत. अमेरिका, युरोप आणि जपान इथले तीन साठे एकमेकांशी जोडलेले आहेत. तुम्ही म्हापशात टाकलेला क्रम कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो आणि प्रयोगशाळेत तसाच डीएनए बनवून घेऊ शकतो. माती गोव्यातच राहते, उपयोग मात्र निघून जातो. तिथे ना परवाना विचारला जातो, ना दाखला.

हजारो क्रम एकत्र चाळून एक विकर (एन्झाइम) बनवलं, तर त्यात कुळागराचा हिस्सा किती, हे कोण मोजणार? म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात देशांनी एकेका क्रमाचा माग काढणं सोडून दिलं आणि सामायिक निधी ठरवला. असे क्रम वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उत्पन्नाचा ०.१ टक्का द्यावा, आणि निदान अर्धा पैसा आदिवासी आणि स्थानिक समाजांना जावा, असं ठरलं. ‘द्यावा’, ‘द्यायलाच हवा’ नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये निधी रोमला सुरू झाला. पहिली देणगी आली एका कंपनीची, एक हजार डॉलर. आमच्या जत्रेच्या नाटकाला याहून जास्त वर्गणी जमते.

तरी मला ही तडजोड पूर्ण चुकीची वाटत नाही. कोट्यवधी क्रमांमागे शिपाई लावता येत नाहीत. पण निधीतला पैसा वाटताना कुणाच्या रानातून काय आलं हे विचारलं जाणारच, आणि तेव्हा तुमची नोंद बोलेल. २०२३ पासून नव्या क्रमांसोबत देश आणि गोळा केल्याची तारीख द्यावी लागते. नुसतं ‘भारत’ लिहून मोकळ्या होऊ नका. गाव लिहा, अक्षांश-रेखांश लिहा, मूळ नमुना कुठे जपून ठेवला त्याचा क्रमांक लिहा. आपल्या देशाचा साठा फरिदाबादला आहे, तिथेही टाका. कुळागराच्या मालकाला विचारलं होतंत ना?

दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेची माणसं खोल समुद्रातून काय काय आणतात. ते कुणाचं? आम्ही मारलेल्या माशांवरही उद्या हे कायदे येणार का?
*— ट्रॉलरवरचा एक तांडेल, वास्को*

मासा खायला विकलात तर तो मासा, त्याला यातलं काही लागत नाही. त्याच माशाच्या पित्तातून औषध शोधलं तर प्रश्न येतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे समुद्री जीवांचे नमुने जपायचं काम कायद्यानेच सोपवलं आहे, त्यामुळे तिथल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोनशे सागरी मैलांपलीकडचा समुद्र कुणा एका देशाचा नाही. तिथल्या जीवांसाठी नवा करार १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे. त्यात गोळा केलेल्या प्रत्येक खेपेला एक क्रमांक द्यायची तरतूद आहे आणि तो क्रमांक पुढे शोधनिबंधापासून पेटंटपर्यंत सोबत राहायचा आहे. समुद्रात शिक्का मारायला पोस्ट ऑफिस नाही, तेवढं एक बरं.

माणकुरादच्या कलमांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. आणि कृपा करून मला बियांच्या पुड्या पोस्टाने पाठवू नका. या महिन्यात तीन आल्या. एकीवरही गाव लिहिलेलं नाही.